गरोदरपणातली साखर: कोणतं रक्त, कधी आणि कशासाठी

गरोदर बाईच्या घरात "जरा साखर निघालीय" एवढं वाक्य आलं की पुढचे आठ दिवस त्यावरच जातात. भात बंद होतो, कुणीतरी मेथीदाणे भिजत घालतं, कुणी म्हणतं की दिवस गेल्यावर थोडी साखर वाढतेच, बाळंत झाली की जाईल. पण ती साखर उपाशीपोटीची की ग्लुकोज पाजल्यानंतरची, रक्त हाताच्या शिरेतून काढलं की बोट टोचून, आकडा नेमका किती, हे विचारावं तर कुणालाच सांगता येत नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे माझा रोजचा संबंध याच प्रश्नांशी येतो. औषध काय घ्यायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील. रक्त कधी आणि कसं द्यायचं, अहवालात काय बघायचं आणि जन्मलेल्या बाळाच्या टाचेला सुई का लावतात, तेवढं इथे सांगते.

आधी कारण समजून घेऊ, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत. गरोदरपणाच्या उत्तरार्धात वारेतून निघणारी संप्रेरकं आईच्या शरीरात इन्सुलिनचं काम अवघड करतात. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून निभावून नेतं. ज्यांचं तेवढं जोर धरत नाही त्यांची साखर वाढते. ही साखर वारेतून बाळाकडे सहज जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि जादा साखरेची चरबी करून ठेवतं. कोपनहेगनच्या योर्गेन पेडरसन यांनी १९५२ मध्ये हा विचार मांडला आणि तो आजही टिकून आहे. नाळ कापली की साखरेचा पुरवठा त्या क्षणी थांबतो, बाळाच्या रक्तातलं वाढलेलं इन्सुलिन मात्र तसंच असतं. म्हणून आईची साखर जास्त आणि बाळाची कमी, असा उलटा प्रकार होतो.

पहिल्याच भेटीत

"साखर पाचव्या-सहाव्या महिन्यात बघतात" हे अर्धंच खरं. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार (२०१४ च्या, पुढे २०१८ मध्ये सुधारलेल्या) प्रत्येक गरोदर बाईची पहिली चाचणी नोंदणीच्या वेळीच करायची असते. ती नॉर्मल आली तर दुसरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान, आणि दोन चाचण्यांत किमान ४ आठवड्यांचं अंतर. वजन जास्त आहे का, घरात मधुमेह आहे का, असली चाळणी लावायची नाही, सगळ्यांचीच करायची. भारतीय वंश ही स्वतःच एक जोखीम धरली जाते. बारीक अंगकाठीच्या, पंचविशीच्या आतल्या मुलींच्या अहवालातही वाढलेले आकडे येतात आणि "हिला कशी असेल?" म्हणून घरचे आमच्यावरच संशय घेतात.

पहिल्या तिमाहीतल्या तपासणीचा आणखी एक हेतू असतो: दिवस जाण्याआधीपासूनच मधुमेह होता का ते कळणं. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम (१०० मिलिलिटर रक्तात; पुढचे साखरेचे आकडेही असेच) किंवा जास्त, एचबीएवनसी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त, किंवा लक्षणं असताना केव्हाही घेतलेली साखर २०० च्या वर, म्हणजे हा बहुधा आधीपासूनचाच आजार. बाळाचे अवयव पहिल्या आठ-दहा आठवड्यांतच घडतात. त्यामुळे अशा वेळी डॉक्टर अठराव्या ते विसाव्या आठवड्यातली सोनोग्राफी अधिक बारकाईने करायला सांगतात आणि बाळाच्या हृदयाची वेगळी तपासणीही सुचवतात. हे ऐकून घाबरू नका, पण तारीख चुकवू नका.

सरकारी केंद्रात जात असाल तर दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तुमच्या भागातल्या आशाताईंना विचारा, ग्लुकोजची चाचणी त्याच फेरीत उरकता येईल का ते त्या सांगतील.

चाचणी एक नाही, तीन आहेत

गोंधळ इथेच होतो. मैत्रिणीचे १५० नॉर्मल ठरले आणि माझे १४२ वाढलेले कसे, असं विचारणाऱ्या दोघींच्या चाचण्या बहुधा वेगळ्या असतात.

आपल्याकडे सरकारी केंद्रांत आणि बऱ्याच खासगी दवाखान्यांत जी होते ती चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषैया यांनी रुजवलेली एकाच टप्प्याची चाचणी. खाल्लेलं असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायचं आणि दोन तासांनी एकदाच रक्त द्यायचं. १४० किंवा त्याहून जास्त आलं की गरोदरपणातला मधुमेह. डॉ. शेषैया यांचा वाढदिवस, १० मार्च, देशात या आजाराच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो.

दुसरी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये स्वीकारलेली. रात्रभर उपाशी राहून ७५ ग्रॅम ग्लुकोज आणि तीनदा रक्त: उपाशीपोटी ९२, एका तासाला १८०, दोन तासांना १५३. यातला एक जरी आकडा गाठला किंवा ओलांडला तरी निदान होतं. हे आकडे आले एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातून. ९ देशांतल्या सुमारे २५ हजार गर्भवतींची साखर मोजून, नंतर बाळाचं वजन, सिझेरियन, बाळाची उतरलेली साखर आणि नाळेच्या रक्तातलं सी-पेप्टाइड (बाळाने किती इन्सुलिन तयार केलं ते दाखवणारा घटक) यांच्याशी ती ताडून पाहिली गेली. निष्कर्ष २००८ मध्ये आले. त्यातून दिसलं ते असं की साखर जसजशी वाढते तसतशी जोखीम वाढते. अमुक आकड्यापर्यंत निर्धास्त आणि पुढे धोका, अशी रेघ शरीरात कुठेच नाही. रेघ तज्ज्ञांनी बसून ठरवली. म्हणून १३९ आले म्हणून पेढे वाटू नयेत आणि १४१ आले म्हणून रडू नये. आणखी एक गोष्ट मला नेहमी खटकते: त्या ९ देशांत भारत नव्हता.

तिसरी दोन टप्प्यांची, मुख्यतः अमेरिकेतली. आधी ५० ग्रॅम ग्लुकोज आणि एका तासाने रक्त. ते वाढलं तर दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी १०० ग्रॅम आणि तीन तासांची चाचणी. न्यू जर्सीतली बहीण सांगते ती हीच. इंग्लंडमध्ये असाल तर अहवाल मिलिमोल या वेगळ्या एककात मिळेल. त्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा येतो. तिथली रेघ उपाशीपोटी ५.६ आणि दोन तासांनी ७.८, म्हणजे साधारण १०१ आणि १४०.

यातली कुठली चांगली? उपाशी न राहता होणारी चाचणी सोयीची आहे यात शंका नाही. पाड्यावरून पहाटेची एसटी धरून आलेल्या बाईला "उद्या उपाशी या" सांगितलं तर ती उद्या येत नाही. पण चेन्नईतल्याच दुसऱ्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की अशा चाचणीतून बऱ्याच बायका निसटतात. माझं मत विचाराल तर शहरात राहत असाल, उपाशी राहणं जमत असेल आणि खर्च परवडत असेल तर तीन नमुन्यांची चाचणी करून घ्या. ते जमणार नसेल तर एका नमुन्याची वेळेवर करा. सर्वांत वाईट चाचणी म्हणजे न केलेली.

चाचणीचा दिवस

तीन नमुन्यांची चाचणी असेल तर आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवा. भात-पोळी सोडून, नुसत्या भाज्या खाऊन चाचणीला आलात तर शरीर ग्लुकोज पचवायची सवय मोडलेलं असतं आणि आकडा उगाच वर जातो. नवरात्राच्या कडक उपवासानंतर लगेच किंवा एकादशीच्या दुसऱ्या दिवशी तारीख घेऊ नका. आदल्या रात्री साधं जेवण, मग ८ ते १४ तास फक्त पाणी. सकाळचा चहा बिनसाखरेचाही नको.

बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं नुकतीच झाली असतील तर काउंटरवर आधी ते सांगा. त्यांनी साखर काही दिवस चांगलीच वर जाते आणि चाचणी पुढे ढकलावी लागते. ताप, उलट्या-जुलाब चालू असतील तरीही दुसरी तारीख घ्या.

लॅबमध्ये ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून देतात. बऱ्याच ठिकाणी लिंबाचे चार थेंब पिळतात, नाहीतर ते पिववत नाही. मागे एका सासूबाईंनी मला विचारलं, "अगं, साखर आहे का ते बघायला तिला साखरच पाजताय?"

"हो मावशी. ही साखर तिचं शरीर दोन तासांत कशी खाली आणतं, तेच बघायचंय."

"मग घरून शिरा खाऊन आली असती की!"

प्रश्न वाईट नव्हता. पण शिऱ्यात साखर किती, रवा किती, तूप किती, हे घरोघर वेगळं. ७५ ग्रॅम ग्लुकोज नंदुरबारातही तेवढंच आणि ठाण्यातही तेवढंच. म्हणूनच वजन करून दिलेली पुडी वापरायची. घरच्या डब्यातले तीन चमचे चालत नाहीत.

पाच ते दहा मिनिटांत पिऊन संपवा. वेळ मोजायची ती पिणं सुरू केल्यापासून, आणि ती कागदावर लिहून घ्या. मग दोन तास बसून राहायचं. खाली जाऊन भाजी आणायची नाही, जिने चढायचे नाहीत, काही खायचं नाही. पाण्याचे घोट चालतात. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी रद्द, दुसऱ्या दिवशी पुन्हा. अर्ध्या तासानंतर झाली तर सरकारी सूचनांनुसार चाचणी पुढे चालू ठेवतात. उलटी लपवू नका. लाजेने न सांगणाऱ्या बऱ्याच जणी असतात आणि त्यांचा खोटा नॉर्मल अहवाल फाइलीत कायमचा बसतो.

रक्त नळीत गेल्यावर

याबद्दल रुग्णाला सहसा कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते चुकांची सर्वांत मोठी जागा हीच. रक्त बाहेर काढलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि नळीतली साखर खात राहतात. साध्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के साखर अशी उडून जाते. दोन तासांची साखर १४६ असेल आणि नळी दीड तास टेबलावर पडून राहिली, तर यंत्र १३३ च्या आसपास दाखवू शकतं. मशीन अचूक, माणसं प्रामाणिक, आणि तरीही निदान हुकलं.

म्हणून साखरेचं रक्त राखाडी झाकणाच्या नळीत घेतात. तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं. पण फ्लोराइडलाही पूर्ण काम करायला वेळ लागतो आणि पहिल्या तास-दोन तासांतली घट ते थांबवू शकत नाही. खरा उपाय म्हणजे नळी बर्फात ठेवणं आणि अर्ध्या तासात रक्त फिरवून पेशी वेगळ्या करणं. तुम्ही तीन गोष्टी बघू शकता: साखरेसाठी राखाडी झाकणाची नळी घेतली का, नळीवर नाव आणि वेळ तुमच्यासमोर लिहिली का, आणि तपासणी तिथेच होते की नमुना दुसऱ्या गावी जातो. दुसऱ्या गावी जात असेल तर विचारा, "इथून निघण्याआधी प्लाझ्मा (पेशी काढून उरलेला रक्ताचा द्रव) वेगळा करता का?" चांगल्या लॅबला या प्रश्नाचा राग येत नाही. मला तर आनंद होतो.

एचबीएवनसीवर किती विसंबायचं

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ही तपासणी, उपाशी राहायला नको, ग्लुकोज प्यायला नको, म्हणून लोकांना फार आवडते. गरोदरपणात मात्र ती कच्ची ठरते. या काळात तांबड्या पेशी लवकर बदलतात, रक्त पातळ होतं आणि आकडा मुळातच खाली सरकतो. उलट लोह कमी असेल तर तो खोटा वर जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या ५२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्या जणींचा आकडा आधीच डळमळीत.

सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे हिमोग्लोबिनचे आनुवंशिक आजार. पूर्व विदर्भ आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल आहे, सिंधी आणि कच्छी-लोहाणा समाजात थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात. अशा रक्तात एचबीएवनसीचा अर्थच बदलू शकतो. तुमच्या घरात यातलं काही असेल तर सांगा, आणि ग्लुकोजच्या चाचणीवरच भर द्या. पहिल्या तिमाहीत ६.५ च्या वरचा आकडा आधीचा मधुमेह ओळखायला उपयोगी पडतो. पण ५.२ आला म्हणून सहाव्या महिन्यातली चाचणी टाळायची नाही.

निदान झाल्यानंतर घरचं मोजमाप

आधी दोन आठवडे आहार आणि चालणं. त्यानंतर जेवणानंतर दोन तासांची साखर १२० किंवा जास्तच राहिली तर डॉक्टर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन सुरू करतात. घरी गाठायचे आकडे असे: उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणानंतर एका तासाने १४० च्या खाली, दोन तासांनी १२० च्या खाली. वेळ पहिल्या घासापासून मोजा. पोळी संपल्यावर ताकभात, मग फळ, असं जेवण पाऊण तास लांबत असेल तर हिशेब चुकतो.

बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन पुसा. आंबा चिरला आणि तेच बोट टोचलं, तर यंत्र आंब्याची साखर मोजतं. २४० चा आकडा बघून घाबरून आलेली बाई हात धुतल्यावर ११८ वर येते. स्पिरिट लावलं असेल तर पूर्ण वाळू द्या. बोट पिळून रक्त काढू नका, हात खाली लोंबता ठेवून आपोआप येऊ द्या. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, दुखतं कमी. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, कोकणात पावसाळ्यात तर नक्कीच. घरचं यंत्र आणि लॅब यांच्यात १५ टक्क्यांपर्यंत फरक मान्य धरलेला आहे, त्यामुळे दहा-बारा आकड्यांवरून यंत्राशी भांडू नये. वहीत आकड्याशेजारी काय खाल्लं तेही लिहा. डॉक्टरांना नुसत्या आकड्यांपेक्षा "१५२, दोन वाट्या भात" जास्त उपयोगाचं.

"नवीन मार्कर" करून घ्यावेत का?

मार्कर म्हणजे आजाराची चाहूल देणारे रक्तातले घटक. त्यांच्याबद्दल इंटरनेटवर वाचून लोक विचारायला येतात. संशोधनात पुष्कळ नावं आहेत: सुरुवातीच्या आठवड्यांत ॲडिपोनेक्टिन कमी असणं, एसएचबीजी कमी असणं, सीआरपी आणि फेरिटिन वाढलेलं असणं, यांचा पुढच्या मधुमेहाशी संबंध दिसतो. फ्रुक्टोसामाइन आणि ग्लायकेटेड अल्ब्युमिन दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगतात, म्हणून एचबीएवनसी बेभरवशाचा असेल तिथे त्यांचा थोडा आधार घेता येतो. पण यातल्या कशावरही आज निदान होत नाही. डबल मार्करमध्ये (बाळातल्या गुणसूत्रांच्या दोषांची जोखीम बघणाऱ्या रक्ततपासणीत) पॅप-ए नावाचा एक घटक असतो. तोही या यादीत आहे, पण तो कमी आला म्हणजे मधुमेह होणार असं नाही, आणि ती तपासणी मुळात त्यासाठी नसतेच. हजारो रुपयांचं पॅकेज घेण्यापेक्षा तोच पैसा ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांवर घाला. या आजारात ग्लुकोज हाच अजून सर्वांत विश्वासू मार्कर आहे.

एक अपवाद मी करते: बी-१२. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करत आले आहेत. तिथली बाळं जेमतेम २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांच्या मानाने लहानखुरी. पण हातपाय बारीक असूनही अंगावर चरबीचं प्रमाण टिकून होतं आणि नाळेच्या रक्तात इन्सुलिन जास्त होतं. दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होतं. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट (फोलिक ॲसिडच्या गोळीतून मिळतं ते जीवनसत्त्व) भरपूर होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला विरोध (शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं) सर्वांत जास्त आढळला. याचा अर्थ फोलिक ॲसिडची गोळी सोडायची असा मुळीच नाही. मज्जारज्जूच्या दोषांपासून ती बाळाला वाचवते. शाकाहारी असाल, मुंग्या येत असतील किंवा हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही वाढत नसेल तर मात्र बी-१२ तपासण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. हे रक्त गोळ्या सुरू करण्यापूर्वी द्या, नंतर आकडा फसवतो.

माहेरी जाताना फाइल बरोबर न्या

सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते आणि मुलगी माहेरी जाते. दवाखाना बदलतो, डॉक्टर बदलतात, आणि साखरेचे अहवाल सासरच्या कपाटात राहतात. नेमक्या याच आठवड्यांत साखर सर्वांत वर असते. माता-बाल संरक्षण कार्डावर साखरेचे आकडे तारखेसह लिहून घ्या, पहिल्या पानावर "गरोदरपणातला मधुमेह" असं ठळक लिहायला सांगा, अहवालांचे फोटो आईच्या मोबाइलमध्येही ठेवा. प्रसूतीच्या खोलीत बालरोगतज्ज्ञांना हे आधी माहीत असेल तर पुढचं सगळं सोपं जातं.

बाळाचं रक्त

अशा बाळाची साखर जन्मल्यानंतर पहिल्या एक-दोन तासांत सर्वांत खाली जाते. म्हणून अर्ध्या-एक तासात अंगावर पाजायला घ्यायचं. पहिला पिवळसर चीक हाच औषध. बाळाला उघड्या छातीशी धरा, कोरडं आणि उबदार ठेवा; थंडीने कुडकुडणारं बाळ साखर भराभर जाळतं. मध, गुटी, साखरपाणी यातलं काहीही चाटवू नका, आजी कितीही म्हणाली तरी.

सरकारी सूचनांप्रमाणे पहिली साखर जन्मानंतर एका तासाने, मग दर चार तासांनी, पाजण्याआधी, सलग चार आकडे स्थिर येईपर्यंत बघतात. ४५ च्या खाली गेली तर कमी समजतात आणि लगेच पाजून पुन्हा मोजतात; त्याने भागलं नाही तर शिरेतून ग्लुकोज लागतं. टाच मधोमध टोचत नाहीत, कडेला टोचतात, कारण मध्ये हाड जवळ असतं. आधी टाच गरम केली तर रक्त नीट येतं. नवजात बाळाचं रक्त दाट असतं, त्यामुळे ग्लुकोमीटर कधी कधी खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. आकडा खाली आला की लॅबचा नमुना पाठवतात, पण त्या अहवालाची वाट बघत उपचार थांबवत नाहीत.

हात-पाय थरथरणं, फार सुस्त असणं, दूध न ओढणं, अंग थंड पडणं, ओठ निळसर होणं, झटके, ही साखर उतरल्याची लक्षणं. बऱ्याचदा यातलं काहीच दिसत नाही, म्हणूनच मोजावी लागते. "बाळ छान झोपलंय, कशाला टोचता?" असं म्हणून नर्सला परत पाठवू नका. आणि बाळ साडेतीन किलोचं, गुटगुटीत आहे म्हणून त्याला सूट मिळत नाही; गुटगुटीत बाळाकडेच जास्त लक्ष द्यावं लागतं.

साखरेखेरीज डॉक्टर आणखी काही बघतील. रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या वर असेल तर रक्त फार दाट, आणि पुढे कावीळ वाढायची शक्यता. कावीळ पहिल्या २४ तासांत दिसली तर ती कधीच साधी समजायची नाही. कोवळ्या उन्हात धरून भागणार नाही, बिलिरुबिन (कावीळ आणणारा रक्तातला पिवळा घटक) मोजावंच लागतं. बाळ थरथरतंय पण साखर ठीक आहे, असं असेल तर कॅल्शियम बघतात. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरतं. नाळेच्या रक्तातल्या सी-पेप्टाइडबद्दल कुणी वाचलं असेल तर ती संशोधनाची तपासणी आहे, तुमच्या बाळासाठी मागायची गरज नाही.

सव्वा महिन्यानंतर

बाळंत झाल्यावर बहुतेकींची साखर दोन-चार दिवसांत खाली येते आणि सगळे ती विसरतात. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू सुरू होतात. मला सर्वांत जास्त निसटताना दिसते ती इथली चाचणी. सहा आठवड्यांनी आईने पुन्हा उपाशीपोटी येऊन ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायचं असतं. आता मोजमाप गरोदरपणाचं नाही, नेहमीचं: दोन तासांनी १४० च्या खाली असेल तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त आलं तरी मधुमेहच. इथे एचबीएवनसी चालत नाही. बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, लोहाच्या गोळ्या चालू असतात, आकडा काहीही सांगतो.

सहाव्या आठवड्यात बाळाची लस असतेच. ती तारीख कुणी चुकवत नाही, म्हणून आईची चाचणी त्याच सकाळी ठेवा. सव्वा महिना नुकताच संपलेला असतो, बाहेर पडायला घरचे अडवत नाहीत. एकाने बाळाला लसीसाठी न्यावं, आईने लॅबमध्ये बसावं. मधल्या दोन तासांत बाळाला पाजलं तरी चालतं.

हे नॉर्मल आलं तरी पुढे टाइप २ मधुमेहाची शक्यता इतर बायकांच्या सात ते दहा पट असते. त्यामुळे वर्षातून एकदा साखर बघायची, वाढदिवसाच्या महिन्यात ठेवली की लक्षात राहते. पुढच्या बाळाचा विचार असेल तर दिवस जाण्याआधी एकदा तपासा, आणि दिवस गेल्यावर पहिल्याच भेटीत जुनी फाइल टेबलावर ठेवा. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावरही आईला गरोदरपणात मधुमेह होता ही नोंद करून घ्या. पुढे शाळेच्या वयात वजन भराभर वाढायला लागलं तर डॉक्टर ती ओळ वाचून लवकर तपासणी सांगतील.